लोकार्पण होईपर्यंत कोरडा

सर्व बंधू-भगिनींना, तसेच जंगलातील तमाम रोही, मोर, ससे व रानडुकरांना जाहीर सूचना देण्यात येते की, गावामागच्या पाणवठ्याचं लोकार्पण मंत्रीसाहेबांच्या शुभहस्ते व्हायचं आहे. तोवर कोणीही तहान लावून घेऊ नये.

ही सूचना मी डोणगाव रस्त्यावरच्या टपरीवर, चहाचा ग्लास माइकसारखा धरून, मोठ्या गांभीर्याने दिली होती. माणसं पोट धरून हसली. मग मी ती आणखी दोनदा दिली.

मी शाळामास्तर, पण पंचक्रोशीत ओळख सूत्रसंचालक म्हणून. बारसं असो की भूमिपूजन, माइक माझ्याकडे. जंगलात सिमेंटचा उथळ पाणवठा बांधून झाला, तेव्हा कार्यक्रमाची आखणीही मीच केली. पाण्याची गरज खरीच होती. पूर्वी आमचा नाला होळीपर्यंत वाहायचा; आता संक्रांतीलाच वाळू उघडी पडते आणि रोही, म्हणजे नीलगाय, पाण्यासाठी शेतांत उतरते. पण नुसतं पाणी ओतून मोकळं व्हायचं, यात नाट्य काय? मी सुचवलं, पाणवठा कोरडाच ठेवू. पहिला हंडा साहेब ओततील, मागून टँकरचा पाइप सुटेल आणि मी चार ओळी म्हणेन. साहेबांच्या माणसाला कल्पना इतकी आवडली की त्याने हुकूमच सोडला: लोकार्पणाआधी थेंब पडता कामा नये.

साहेबांची तारीख तीनदा पुढे गेली. एकदा लग्न, एकदा मुंबईत बैठक, एकदा दुसरबीडकडे दुसरंच उद्घाटन.

फुकट पाणी द्यायला तयार असलेले टँकरवाले चाचा मला शाळेच्या फाटकाशी गाठायचे.

“मास्तर, पाणवठ्यातल्या धुळीत खुरं उमटले हायत. सिमेंट चाटून जाऊन राह्यले बिचारे. जनावराले फीत काय समजते?”

“चार दिवस चाचा, फक्त चार.”

“तुमचे चार दिवस लय लंबे हायत. मी गुपचूप एक टँकर ओततो. कोणाले सांगत नाही.”

“आणि साहेबांनी ओला पाणवठा पाहिला तर? माझं नाक कापलं जाईल.” मी त्यांना शपथ घातली. चाचा शब्दाचे पक्के. त्यांनी ओतलं नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी माझ्या शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरीत रोही पडली. तळाला हातभर पाणी होतं, तेवढ्यासाठी. मी, चाचा आणि वनरक्षकाने दोर लावून तिला वर काढलं, तेव्हा मान कलंडलेली होती. पंचनामा झाला. चाचा दोर गुंडाळू लागले. “कार्यक्रम होईपर्यंत गावात बोलू नका,” असं मी दोघांना म्हणालो. जन्मभर माइकवर जे बोललो त्यातलं फारसं आठवत नाही. माइकशिवाय बोललेलं हे वाक्य जात नाही.

शेवटी साहेब आले. फीत, हंडा, फोटो, सगळं यथासांग. हवामान बदलावर पाऊण तास बोलले. पुढच्या पिढ्या आपल्याला माफ करणार नाहीत, असं दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा टाळ्यांची सुरुवात मी केली. आपल्या खात्याने यावर काय केलं, हे ते बोलले नाहीत; मीही विचारायला गेलो नाही. माझ्या चार ओळी छान झाल्या. त्या छान झाल्या याचा मला त्या क्षणी आनंदही झाला, तेही इथे कबूल करतो.

मग टँकरचं पाणी सिमेंटवर पसरलं. साहेबांनी खूश होऊन विचारलं, “येतील ना जनावरं इथं?”

मी माइक तोंडाशी नेला आणि चाचांकडे पाहिलं. शेजारी पाइप धरून उभे असलेले चाचा बोलून गेले. माइक चालू होता, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

“आलती न साहेब, लय खेपा आलती. कोरडं दिसलं म्हून मास्तरच्या इहिरीत गेली.”