हुंगलेला डबा

इंजेक्शन लागू पडलं नाही, याचा दोष मी बायकोला दिला. आणि तोही तिच्या माहेरी, भरल्या ताटावर.

तिच्या मोठ्या आतड्याला सूज होती, जखमा होत्या. रक्त पडायचं. स्कूटरवर मागे बसली की प्रत्येक सिग्नलला तिची बोटं माझ्या खांद्यात रुतायची; पुढचं स्वच्छतागृह किती लांब, हे तिला पाठ. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहायचो. प्रोग्रॅम अडला की चूक कुणाची तरी असतेच, हे डोक्यात पक्कं. नव्या इंजेक्शनने गुण येईना, तशी मी तिची चूक शोधू लागलो. ती शाळेत शिकवून आली की तिचा डबा उघडून हुंगायचो. मसाल्याचा वास येतोय का?

"अहो, बायकोच्या मागे पोलीस लावलेत की काय?" ती एकदाच म्हणाली.

मग तिच्या माहेरी, खडकीच्या क्वार्टरमध्ये जेवताना सासूबाईंनी विचारलं, "औषधाचा गुण का येत नाही हो?"

"पथ्य पाळलं तर येईल. शाळेत काय खाते, तिलाच ठाऊक."

सासऱ्यांनी तिच्या ताटातली भजी उचलून घेतली. ती उठून आत गेली. पुढे दरवेळी तिथे तिच्या ताटावर सगळ्यांची नजर असायची.

सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांसमोरही मी पथ्याची तक्रार सुरू केली. त्यांनी मला थांबवलं.

"आतड्याच्या अस्तरात प्रतिकारशक्तीच्या पेशी जमतात. त्या प्रत्येक रुग्णात वेगळ्या असतात. हे औषध त्यांचा सूज वाढवणारा एकच संदेश अडवतं. सूज दुसऱ्याच पेशींनी पेटवली असेल, तर ते काय करणार? सुरुवातीलाच आतड्याचा तुकडा तपासून हे ओळखता येईल का, यावर संशोधन चालू आहे. माझ्या हाताशी अजून तशी चाचणी नाही."

"म्हणजे हिने काही..."

"काही केलेलं नाही. पहिल्या सुईच्या आधीच ते ठरलं असावं. आपण औषध बदलू."

बायको खिडकीबाहेर पाहत होती. घरी येताना मी दोनदा गाडी चुकीच्या गल्लीत घातली. रात्री माफीचे शब्द ओठांवर आले आणि मी ते गिळले. घरात मागणं सोपं होतं. आरोप खडकीत केला होता, माफीही तिथेच मागायला हवी होती. पण खडकीला जायचं म्हटलं की मला कामं निघायची. रविवारमागून रविवार गेले.

शेवटी गेलो. ताटं मांडली. सासऱ्यांचा हात सवयीने तिच्या ताटाकडे वळला.

"बाबा, राहू द्या," मी म्हणालो. "तिने पथ्य कधीच मोडलं नव्हतं. ते औषध तिच्या आजाराला लागू पडणारंच नव्हतं. मी काही माहीत नसताना बोललो. रोज तिचा डबा हुंगत होतो मी."

मी तिच्याकडे वळलो.

"माझं चुकलं. तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि तुझ्याच माणसांना ठेवू दिला नाही. मला माफ कर."