झाकलेलं रान

चहूकडे नांगरट झालेली. आमच्या ह्यांचे मामा बांधाशी गाडी थांबवून म्हणाले, "रान असं का पडलंय गं? घरात कोण आजारी हाय का?"

"नाही मामा. मुद्दाम नांगरलं नाही. उसाचं पाचट रानातच कुजवतोय. मातीत कर्ब वाढतो, कस येतो."

"असू दे," म्हणाले. आजारपण लपवतेय, असंच त्यांना वाटलं असणार.

ते गेल्यावर मी वाळल्या पाल्याचं ते पाचट उचलून पाहिलं. खाली ओल, गांडुळं, काळ्या मातीचा गार वास. झाकलंय म्हणून हे सगळं जिवंत आहे, आणि झाकलंय म्हणूनच गावाला आमचं रान मेलेलं दिसतं. उघडून दाखवावं, तर उन्हात वाळून जाईल.

रस्त्यावर पुन्हा गाडी वाजली. मी घाईने पाचट सारखं केलं आणि उगाचच खुरपं हातात घेतलं.