फोटोला झालेली कावीळ

माझ्या आत्याने मरणाची सगळी तयारी वेळेत केली होती. उशीर झाला तो फक्त माझ्या एकट्याच्या कामाला.

आत्या म्हणजे आमची आक्का, वडिलांची थोरली बहीण. गगनबावड्याच्या सरकारी दवाखान्यात ती नोकरीभर नर्स होती. तिथल्या पावसात, वीज गेलेली असताना, बॅटरीच्या उजेडात तिने इतकी बाळंतपणं केली की त्या बाजूच्या एसटीत बसलं तर निम्मी एसटी तिच्या हातावर जन्मलेली निघायची. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्याकडे राहायला आली आणि आठवडाभरात मी, माझी बायको वैशाली आणि आमचा कुकर, असे तिघेही तिच्या शिस्तीत वागायला लागलो.

गेल्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून हळू आवाजात सगळं सांगितलं. मी चेहरा सावरत आत आलो, तर आक्का खाटेवर बसून रिपोर्ट वाचत होती.

"तोंड कशाला पाडलंयस?" ती म्हणाली. "यकृतात गेलंय. चार महिने, लई तर पाच."

"आक्का, डॉक्टर म्हणतात उपचार केले तर..."

"डॉक्टर चांगला हाय. खोटं बोलायला अजून शिकला न्हाय, एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. साड्यांच्या घड्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावल्या. कुणाला आधी फोन करायचा आणि कुणाला सगळं उरकल्यावर, याची यादी केली (लई रडणारी माणसं दुसऱ्या भागात होती). बाराव्याचा बेतही ठरवून टाकला. "बुंदीचे लाडू मऊ करायला सांग. येणाऱ्यातल्या निम्म्यांना दात न्हाईत."

मग तिने भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर माझ्या वडिलांचा फोटो होता. ते अचानक गेले तेव्हा दुसरा काही मिळेना, म्हणून ओळखपत्रावरचाच मोठा करून लावलेला.

"तुझ्या बापाचा फोटो बघ. पाकीट मारताना सापडल्यागत दिसतोय. हार घालताना मलाच लाज वाटती. माझा तसा नको. तू एवढा मोठा कॅमेरा गळ्यात घालून फिरतोस, एकदा माझा काढ की. मी बघून जातो."

(कोल्हापुरात बायकाही 'जातो'च म्हणतात. जाणाऱ्याला पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, अशी आमची समजूत असावी.)

इथे माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी वारणानगरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात फोटो काढतो. माझा छंद साधा नाही, तत्त्वाचा आहे. कॅमेऱ्यात रंगांचे तयार प्रकार असतात: एक भडक, एक मऊ, एक खास माणसांच्या चेहऱ्यांसाठी, एक काळा-पांढरा. बटण दाबलं की कॅमेरा त्या रंगात फोटो तयार करून देतो. असे फोटो काढणाऱ्यांना मी मनातल्या मनात नापास करत असे. मी काढतो ती रॉ. म्हणजे कच्ची फाइल. तिच्यात कॅमेऱ्याने टिपलेला सगळा उजेड असतो आणि रंग, सावल्या, उठाव हे आपण नंतर कॉम्प्युटरवर सावकाश बसून ठरवायचं.

या 'नंतर'नेच माझा घात केला होता. घरात तीन हार्डडिस्क भरून कच्च्या फाइली होत्या आणि भिंतीवर माझा एकही फोटो नव्हता. माझ्या भाचीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. ते पुरे व्हायच्या आत तिची मुलगी बालवाडीत जायला लागली.

फोटोचा दिवस मात्र छान निघाला. सकाळी गच्चीत कोवळं ऊन होतं. आक्काने हिरवं इरकल नेसलं, केस नीट बसवले, नर्स असतानाचं मनगटी घड्याळ घातलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणालो, "आक्का, जरा सहज बस."

"सहज कसं बसत्यात? तू सांग, मी बसतो."

वैशाली मागून म्हणाली, "आक्का, यांना इंजेक्शन द्यायचंय असं समजा."

आक्का हसली. तोंडाने नाही, डोळ्यांनी. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो उमटला, आम्ही तिघं त्याच्यावर वाकलो, आणि आक्का म्हणाली, "हाच. मीच हाय ही. झालं काम. मोठा करून आण."

त्या क्षणी मी 'बरं' म्हणालो असतो तर हा लेख इथेच संपला असता आणि मला रात्री झोप लागली असती.

"आक्का, हा खरा फोटो नव्हे," मी समजावलं. "हा कॅमेऱ्याने नुसता दाखवायला केलाय. त्यात तो चेहऱ्यांचा तयार रंग कुणीतरी लावून ठेवलाय."

"मी लावला," वैशाली म्हणाली. "शेजारच्या बाळाच्या बारशाला. बरे दिसतात त्यात सगळे."

"तेच ते. खरा आत आहे, कच्चा. तो मी नंतर नीट करून देतो."

आक्काने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे शिजलेलं ताटात हाय, ते काढून घेऊन तू मला कच्चं वाढालायस."

"चार दिवस दे."

"चार दिवस हाईत माझ्याकडं," ती म्हणाली. "पण लई न्हाईत."

कॉम्प्युटरवर फाइल उघडली तर पडद्यावर धुरकट, मेलेल्या रंगाची एक म्हातारी बसलेली. गच्चीतलं ऊन नाही, डोळ्यांतलं हसू नाही. मी घाबरलो नाही, कारण कच्च्या फाइलीचं तेच असतं. करून घ्यावं लागतं. मी करायला बसलो.

पहिल्या खेपेला मी उठाव वाढवला. आक्काने चष्मा लावून बघितलं. "ही कोण? सुरकुत्या मोजायला काढलायस काय?"

दुसऱ्या खेपेला सुरकुत्या काढल्या आणि जरा उजळ केलं. "ह्या वयात स्थळं बघालायस व्हय माझ्यासाठी?"

तिसरा फोटो निळसर झाला. तो हातात घेऊन ती म्हणाली, "ह्यात मी आधीच गेलोय."

"तो पहिला जमला होता," वैशाली म्हणाली. "कॅमेऱ्यातला. तसाच करा की."

तसाच करता येईना. कॅमेऱ्याचा पडदा एवढासा, कॉम्प्युटरचा एवढा मोठा. तो रंग माझ्या हाताला लागत नव्हता, आणि हे कबूल करण्यापेक्षा मी नवा पडदा घेतला. पडद्याचे रंग तपासायचं यंत्र आणलं. खोलीच्या भिंतीचा रंग डोळ्यांना फसवतो असं वाचलं म्हणून भिंतीला राखाडी रंग दिला. चार दिवसांचे पाच आठवडे झाले.

तोवर आक्का खुर्चीवरून खाटेवर गेली होती. आता ती फार बोलत नसे. मी लॅपटॉप घेऊन तिच्या उशाशी बसायला लागलो. कल्पना अशी की आठवणीवर विसंबण्यापेक्षा माणूसच समोर आहे, त्याच्याकडे बघून त्वचेचा रंग जुळवावा. शास्त्रीय पद्धत. मी तिच्याकडे बघायचो, रंगाचा काटा किंचित सरकवायचो, पुन्हा बघायचो. दुसऱ्या दिवशी तो कमी वाटायचा, मग अजून थोडा सरकवायचो. तिसऱ्या दिवशी अजून थोडा. पहिल्यांदाच मला वाटलं की जमतंय. फोटो आणि आक्का हुबेहूब एक दिसत होते.

पंधरावा की सोळावा फोटो मी मोठ्या अभिमानाने तिच्यासमोर धरला. वैशाली औषध द्यायला आत आली होती. आक्काने मान थोडी उचलली. नर्स जशी रोग्याकडे बघते तशी ती फोटोकडे बघत राहिली. आधी डोळ्यांचा पांढरा भाग बघितला, मग कपाळ, मग हाताची नखं.

"रणजित," ती म्हणाली, "फोटोला कावीळ झालीया."

मला कळेना. मी फोटोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. फोटो बरोबर होता. तिच्याच रंगाचा होता. मग वैशालीने माझ्या हातातून लॅपटॉप घेतला आणि झाकण मिटलं.

मी तीन आठवडे रोज तासन् तास तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती पिवळी पडत चालल्याचं घरात फक्त मला दिसलं नव्हतं. मी ते फक्त जुळवत होतो. रसायनशास्त्र शिकवणारा माणूस. मी तिथेच खाटेच्या कडेला बसून राहिलो. आक्काने माझ्या मनगटावर हात ठेवला. सवयीने नाडीवरच ठेवला.

"डोळे कोरडे कर," ती म्हणाली. "आणि तो पैला दे की रं."

"देतो," मी म्हणालो. आणि (हे लिहिताना मला अजून लाज वाटते) दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसलो. पहिला असा फोटोच कुठे नाही, असं माझं शास्त्र सांगत होतं. पहिल्यासारखा करायचा होता.

त्यानंतर आठव्या दिवशी दुपारी आक्का गेली. वैशाली तिच्याजवळ होती. मी शेजारच्या खोलीत एकोणिसाव्या फोटोची हनुवटी करत होतो. वैशालीची हाक आली, "अहो, लवकर या." मी म्हणालो, "आलो. एवढं सेव्ह करतो."

त्या फाइलीवर ती वेळ अजून आहे. मी ती फाइल पुसलेली नाही.

पुढचं सगळं आक्काच्या यादीप्रमाणे झालं. रडणारी माणसं सगळं उरकल्यावर आली. लाडू मऊ सांगितले. बाराव्याला दोन दिवस राहिले तेव्हा वैशालीने विचारलं, "फोटो?" मी तिच्यासमोर एकोणीस फोटो मांडले. तिने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घेतलं, चप्पल घातली, आणि मी तिच्या मागून निघालो.

पेठेत साळोखेंचा जुना फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम आणि पासपोर्टचे फोटो करतात. मी त्यांच्या दारावरून जाताना नेहमी जरा वेगळ्या बाजूला बघत असे, कारण ते सर्रास तयार रंगात काढतात. साळोखेंनी कार्ड लावलं. मी त्यांना सगळा इतिहास सांगितला: रॉ काढली, कॅमेऱ्यावर दिसलेला नुसता दाखवायचा होता, तो आता नाही, तो परत मिळणं शक्य नाही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "तोच पायजे का?"

"तोच. पण तो..."

"सर, तो आतच असतोय की." त्यांनी दोन-तीन वेळा बटण दाबलं. "कच्च्या फायलीच्या पोटात कॅमेरा एक तयार फोटो करून ठेवतोय. मागं पडद्यावर तुम्ही बघता तो हाच. नुसता बाहेर काढायचा."

आणि पडद्यावर आक्का आली. गच्ची, कोवळं ऊन, हिरवं इरकल. मला इंजेक्शन द्यायच्या तयारीत असलेले ते डोळे. सगळ्याला मिळून तीन मिनिटं लागली. अडीच महिने ती माझ्याच घरात, माझ्याच फाइलीत बसून होती.

वैशाली पदर तोंडाला लावून रस्त्याकडे बघत उभी राहिली. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "डाव्या गालावरची सावली जरा उचलायची का?"

साळोखे म्हणाले, "कशाला?"

मी पाकीट काढलं आणि पैसे किती ते विचारलं.

बाराव्याला फोटो मांडला. गगनबावड्याहून आक्काच्या बरोबरीच्या एक नर्स आल्या होत्या, काठी टेकत. त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, पदराने चष्मा पुसला आणि फोटोलाच म्हणाल्या, "बाई, अशीच बघत होतीस. जन्मल्यावर पोर रडलं नाही की धीर द्यायला माझ्याकडं अशीच बघायचीस." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुणी काढला? लई चांगला काढलाय."

"मी," मी म्हणालो. खोटं नव्हतं, एवढंच.

जेवणं उरकल्यावर सांगलीच्या काकींनी मला जवळ बसवलं. काकी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको, वय ऐंशीच्या पुढे, बोलणं आक्काच्याच शाळेतलं.

"रणजित, माझापण एक काढून ठेव बाबा."

मला भरून आलं. एवढं सगळं होऊनही कुणीतरी विश्वास टाकत होतं. मी कॅमेरा आणायला उठलो, तर त्यांनी माझा शर्ट धरला.

"पण काढला की लगेच वैशालीकडं दे. तू नंतर करतो म्हणालास तर मला जाताच यायचं न्हाय."

त्याला आता वर्ष होऊन गेलं. काकी ठणठणीत आहेत. परवाच फोनवर माझ्या वजनावरून बोलल्या. त्या दिवशी काढलेला त्यांचा फोटो अजून माझ्याकडेच आहे. थोडं कानाजवळ काम राहिलंय.