टेक ऑफ

नणंदबाई पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या; दिल्लीत दुसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. टॅक्सीत मी त्यांना सांगितलं होतं, 'टेक ऑफ' म्हणजे विमानाचं उडणं, कामावरून रजा घेणं, अंगावरचं काही उतरवणं. तपासणीच्या वेळी पोलीसबाईंनी पाटल्यांकडे बोट दाखवलं, "टेक ऑफ."

वन्संनी हात पदराआड नेले. "वहिनी, आज रिकाम्या हातांनी? नाही जमायचं!"

इंग्रजी एका शब्दात इतकी कामं उरकते. आपल्याकडे बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणायचं. भीतीपोटी आपण शब्दच बदलतो. रांग कुरकुरू लागली. मी माझ्या दोन काचेच्या बांगड्या काढून त्यांच्या हातांत सरकवल्या. "काढा आता."

पाटल्या ट्रेमध्ये ठेवत वन्सं म्हणाल्या, "हे शुद्धीवर येईपर्यंत ह्या परत मागायच्या नाहीत हं."