कबुलीची वही

आमच्या गोदामात संध्याकाळी पाचला घंटा होते आणि साठ माणसं आपापली वही काढून आज आपलं काय चुकलं ते लिहायला बसतात. बसतात हे सवयीने म्हटलं. बसायला खुर्ची नाही. उभ्यानेच लिहायचं. कोणी खोक्यांच्या चळतीवर वही टेकवतं, कोणी पुढच्याच्या पाठीवर. पळस्प्याच्या पुढे, गोव्याच्या रस्त्याला हे गोदाम आहे. कंपनी अमेरिकन, माल म्हणजे पाण्याचे पंप आणि त्यांचे सुटे भाग. मी तिथे एचआरमध्ये आहे. त्या साठ चुकांचं इंग्रजी करून दररोज अमेरिकेला पाठवणं हे माझ्याच कामात मोडतं.

वहीत तीन प्रश्न छापलेले आहेत. आजचा वेळ कुठे गेला? आज माझं काय चुकलं? उद्या मी काय सुधारीन? दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं आणि आदल्या दिवशीची चूक मोठ्याने वाचायची. समोर पडद्यावर अमेरिकेतले मालक असतात. त्यांच्याकडे तेव्हा रात्र असते, पण चेहऱ्यावर झोप कधी दिसत नाही.

मालक मला आवडले होते, हे आधीच सांगून टाकते. गोदाम सुरू झालं तेव्हा ते तीन आठवडे इथे होते. उंच, म्हातारे, करड्या रंगाचे दोनच शर्ट आलटून पालटून घालणारे. दुपारी पाव आणि केळं. एकदा तेल सांडलं तेव्हा कोणाला हाक न मारता त्यांनी स्वतः लादी पुसली, आणि आमची माणसं तोंडात बोट घालून बघत राहिली. ते खारघरच्या एका हॉटेलात उतरले होते. एका संध्याकाळी मी त्यांच्यासोबत गाडीत होते आणि कळंबोलीला ट्रकांच्या रांगेत आम्ही तासभर अडकलो. तेव्हा त्यांनी मला वहीचा उगम सांगितला.

त्यांचे पूर्वज प्युरिटन. समुद्र ओलांडून अमेरिकेत गेलेले, कडक, सोवळे ख्रिस्ती. देव प्रत्येकाला त्याचं काम नेमून देतो आणि ते नेटाने करणं हीच पूजा, असं मानणारे. वेळ माणसाचा नाही, देवाचा. तो फुकट घालवला तर चोरी देवाच्या घरची. देवळात मूर्ती नाही, चित्र नाही, फुलं नाहीत. नाताळसुद्धा त्यांना थेर वाटायचा, त्या दिवशीही ते कामावर जात. रोज मनाची झडती घेऊन ती वहीत उतरवायची, आणि चूक मोठी असेल तर सगळ्या मंडळींसमोर उभं राहून कबूल करायची. मग मंडळी त्या माणसाला परत पोटात घेत. मालकांचे आजोबा मरेपर्यंत अशी वही लिहीत होते. "धंद्यात मी देवाला मध्ये आणत नाही," मालक म्हणाले, "पण वही मला सोडवली नाही." त्यानंतर मॅनेजमेंटच्या प्रशिक्षणात जबाबदारी, पारदर्शकता, सतत सुधारणा असे भारदस्त शब्द आले की मला त्या आजोबांची वही दिसायला लागली.

आमच्या घरीही दुसरं काय होतं? वडील शिक्षक. भिंतीवर माझ्या दिवसाचं वेळापत्रक, दुपारी पडलेलं माणूस त्यांना बघवायचं नाही, आणि स्तुती केली तर मूल बिघडतं हा सिद्धान्त. त्यामुळे मालकांचं बोलणं मला माहेरचं वाटलं. मी नव्या मुसलमानाच्या उत्साहाने, म्हणजे जरा जास्तच जोरात, बांग द्यायला लागले. पहिल्या दसऱ्याला माणसांनी फोर्कलिफ्टना झेंडूचे हार घातले होते. कामाच्या जागी सजावट नको हा नियम, म्हणून ते हार मी माझ्या हाताने उतरवले. फक्त दादूस पुढे आले, त्यातलं एक फूल उचलून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि कामाला लागले.

दादूस म्हणजे आमचे मुकादम. वयाने सगळ्यांत मोठे, शेजारच्याच गावचे, म्हणून अख्खं गोदाम त्यांना दादूस म्हणायचं. हे गोदाम ज्या जमिनीवर उभं आहे त्यात त्यांच्या भाताची खाचरंही होती. जमीन देताना नोकरीची बोली झाली होती आणि ती पाळली गेली. चौथ्या रांगेपाशी आलं की ते बुटाने फरशीवर दोनदा ठोकायचे. "हितं बांद व्हता," असं मला एकदा म्हणाले. मला ते 'बाय' म्हणायचे, बाकीचे मॅडम म्हणत असले तरी.

वहीने पहिले काही आठवडे आमची करमणूक केली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून हा आपला शिरस्ता, त्यामुळे जो तो शेजाऱ्याची चूक लिहायचा. मी समजावलं. मग सगळ्यांनी लिहिलं, आज माझं काही चुकलं नाही. तेही चालत नाही असं मी सांगितलं. हळूहळू सगळे शहाणे झाले. पेन विसरलो, पाणी प्यायला चार मिनिटं जास्त लागली, लेबल तिरकं चिकटलं, अशी पोट न दुखणारी पापं दररोज निघायला लागली. माझीही तसलीच होती. खरं चुकलेलं कोणीच लिहीत नव्हतं.

दादूस सोडून. लिहायची सवय नाही म्हणून ते पाचला माझ्या टेबलाशी यायचे आणि मला सांगायचे. कोणाचा माल फुटला, कोणाची मोजणी चुकली, कोणी उशिरा आलं, की ते म्हणायचे, "लिव, माजा चुकला." मी म्हणायचे, दादूस, हे तुमचं कुठे? ते हसायचे. त्यांच्या गावात तशी रीत होती. जाळ्यावरून, बांधावरून, देवाच्या पालखीवरून भांडण लागलं आणि हातघाईवर आलं, की घरातला मोठा माणूस उठून म्हणायचा, माझं चुकलं. ते कोणाचं चुकलं हे सगळ्यांनाच ठाऊक असायचं. पण मोठ्याने म्हटलं म्हणजे मिटलं, नारळ फोडायचा, पुन्हा विषय काढायचा नाही. काढला तर काढणाराच हलका. दादूसांना वाटलं, गोऱ्यांचीही हीच रीत असणार. मलाही ती गोष्ट गोड वाटायची आणि मी दोन वर्षं इमानाने तिचं इंग्रजी करत राहिले.

एका सोमवारी ते दुपारीच माझ्याकडे आले. चौथ्या रांगेतल्या रॅकचा खांब खालून वाकला होता. "फोर्कलिफ्ट लागली वाटते. दुरुस्तीवाल्याला कलव, बाय." कळवते म्हटलं. ती तक्रार संगणकावरून माझ्याच नावाने जायची, दोन मिनिटांचं काम. पण पाच वाजले, वह्या आल्या. साठ जणांच्या कबुल्या, त्यांचं इंग्रजी, आणि घरी मुलीच्या दहावीची गडबड. मंगळवारी विसरले. बुधवारी आठवलं तेव्हा हातात वह्याच होत्या, म्हटलं, उद्या.

गुरुवारी चारला तो रॅक कोसळला. आवाज एवढा मोठा की बाहेर रस्त्यावरचे ट्रक थांबले. पंपांच्या खोक्यांचा ढीग दोन रांगांमधल्या बोळात पडला होता आणि त्याखाली फोर्कलिफ्टचं टप दबून गेलं होतं. तेवढ्यात फाटकातून दादूस आणि फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर धावत आले. दोघं बाहेरच्या टपरीवर चहाला गेले होते. चहाची सुट्टी व्हायला अजून सात मिनिटं होती, ती सात मिनिटं चोरून गेले होते, म्हणून ड्रायव्हर जिवंत होता.

पाचला दादूस नेहमीसारखे टेबलाशी आले. मी वही उघडली.

"लिव. रॅक वाकला व्हता, मना म्हाईत व्हता. मी कोनाला सांगला नाय. माजा चुकला."

"दादूस, तुम्ही मला सांगितलं होतं. सोमवारी."

"म्हाईत हाय. तू लिव."

"असं कसं लिहू?"

"तुजी पोर दहावीला हाय. मना रिटायर व्हायला एक वरीस ऱ्हायला. म्हनायला काय जाते गं? म्हनला का मिटला."

मी लिहिलं. इतकी वर्षं झाली नोकरीला, पण इतकं सुवाच्य मी कधी लिहिलं नसेल. घरी येऊन त्याचं इंग्रजी केलं, त्यात दोन ठिकाणी शब्द बदलून वाक्य अधिक नीटनेटकं केलं, आणि पाठवलं.

सकाळी दादूस गोलात उभे राहिले. त्यांचं मीच वाचलं. पडद्यावरचे मालक म्हणाले, इतका प्रामाणिक माणूस मी या कंपनीत पाहिला नाही, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या, मीसुद्धा. माझा जीव भांड्यात पडला. दादूसांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बघ, मी म्हटलं नव्हतं?

पुढच्या शुक्रवारी त्यांना काढल्याचं पत्र आलं. सोबत एक तक्ता होता. गेल्या दोन वर्षांत या माणसाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलेल्या चुका, तारीखवार. सगळं माझंच इंग्रजी. मी मालकांना फोन लावला. हे सगळं दादूसांनी दुसऱ्यांसाठी केलं, त्यांच्या गावची रीतच तशी आहे, असं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, म्हणजे दोन वर्षं तो वहीत खोटं लिहीत होता? मग त्यांनी विचारलं, निदान या रॅकचं तरी खरं आहे ना?

फोनवर तेव्हा जो वेळ गेला, तो कुठल्या रकान्यात लिहायचा हे मला अजून कळलेलं नाही. हो, मी म्हटलं, ते खरं आहे.

"त्याच्याबद्दल मला आदर आहे," मालक म्हणाले. "त्याचं मन स्वच्छ आहे. पण देवाने त्याला हे काम नेमलेलं नाही." धंद्यात देवाला मध्ये आणत नाही म्हणणारा माणूस हे बोलत होता, आणि ज्याच्याबद्दल बोलत होता तो त्याच्या स्वतःच्या खाचरावर उभा होता.

पत्र मीच दिलं. मराठीत समजावून सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर फाशीचा कागद चोराने वाचून दाखवला. दादूस रागावले नाहीत. त्यांना ते कळलंच नाही. त्यांनी मला दोनदा विचारलं, "पन मी म्हनलू ना, माजा चुकला? मंग मिटला नाय?" मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी फोनवर काय बोलले असेन ते तेव्हा त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी नजर आधी काढून घेतली. मला ओशाळवाणं वाटू नये म्हणून. त्याही वेळेला त्यांनी माझाच विचार केला.

शेवटच्या दिवशीही वही भरावी लागते, असा नियम आहे. पाचला ते आले. शर्टाच्या खिशात काही नव्हतं.

"आज काय लिवायचा, बाय? तूच सांग. आज माजा काय चुकला?"

पेन माझ्या हातात होतं. नुसती त्या सोमवारची दोन वाक्यं लिहायची होती, आणि ती मला मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे पाठ होती. फाटकावर शिफ्ट सुटत होती. मी खाली मान घालून लिहिलं, ओळखपत्र परत करायला उशीर केला. त्यांनी खाली सही केली, चौथ्या रांगेपर्यंत गेले, बुटाने फरशीवर दोनदा ठोकलं आणि बाहेर पडले.

मग मी माझी वही उघडली. आजचा वेळ कुठे गेला, त्यापुढे कामाचे तास लिहिले. उद्या काय सुधारीन, त्यापुढे लिहिलं, वेळेचं नियोजन. मधला प्रश्न राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोलात माझी पाळी आली तेव्हा मी खणखणीत आवाजात वाचलं : काल माझी चहात सात मिनिटं जास्त गेली. मालकांनी मान डोलावली, आणि माझ्या शेजारी उभा असलेला फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे बघत राहिला.