यात तिसरा कोन?

मावशी आल्या की आधी गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवायच्या, मग पदरानं कपाळ पुसायच्या आणि खुर्चीत बसता बसता म्हणायच्या, "भाऊ, समजून सांगा. वाचून नोका दाखवू."

अमरावतीला बडनेरा रोडवर माझं विम्याचं छोटंसं ऑफिस आहे. तिथे येणाऱ्यांना बहुतेक वेळा एवढंच हवं असतं की पोलिसानं हात दाखवला तर खिशात कागद असावा. तुम्हीही तसेच असाल, मीही या धंद्यात पडायच्या आधी तसाच होतो. मावशींचंही पहिल्यांदा तेच झालं होतं, पण त्यांनी ते मुकाट्यानं मान्य केलं नाही.

मावशी भातकुलीकडच्या. काळ्या जमिनीच्या तुकड्यात झेंडू आणि शेवंती लावायच्या, आणि माल स्वतःच्या छोट्या मालवाहू गाडीनं अमरावतीच्या फुलबाजारात आणायच्या. गाडी नवऱ्यानं घेतली होती. तो गेल्यावर गाडी विकायला सगळ्यांनी सांगितलं. त्यांनी रिकाम्या वावरात गाडी चालवायला शिकून घेतलं आणि लायसन काढलं. एकुलती मुलगी अकोल्याला दिलेली. घरात गाडीला हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं.

एका मे महिन्यात दुपारी वादळ सुटलं. मावशींच्या घरामागे फुलं ठेवायचं टिनाचं शेड होतं. त्याची टिनं उडाली आणि अंगणात उभ्या असलेल्या गाडीवर पडली. समोरची काच फुटली, टप दबला. एक टिन पुढे जाऊन शेजारच्या गुरुजींच्या कारला लागलं. गुरुजींचा विमा माझ्याकडे होता. त्यांनीच मावशींना माझ्याकडे पाठवलं.

मावशींचा कागद माझ्याकडचा नव्हता. प्रदूषणाचं सर्टिफिकेट देणारी व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी असते, तिथून घेतलेला. मी पाहिला आणि म्हणालो, "मावशी, हा थर्ड पार्टी आहे."

"मंजे?"

"तुमच्या गाडीनं दुसऱ्या कोणाचं नुकसान केलं, तर ते कंपनी भरते."

"आन माह्या गाडीचं झालं त?"

"त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. गुरुजींचा तसा आहे."

मावशींनी कागद उलटसुलट करून पाहिला. "मंजे इतके साल मी दुसऱ्याइचा विमा भरून राहिली होती?"

"असंच समजा. दुसऱ्याच्या गाडीनं तुम्हाला ठोकलं, तर त्याच्या विम्यातून तुम्हाला मिळेल."

"कोनाची गाडी उडून नाई आली, भाऊ. माहेच टिनं, माहीच गाडी. यात तिसरा कोन?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

त्यांना घराचा विमा आठवला. घर बांधताना बँकेनं कर्जासोबत तो काढून घेतला होता. त्यात वादळ धरलेलं होतं. मलाही थोडी आशा वाटली. बँकेच्या विमा कंपनीचा माणूस पाहणीला आला, तेव्हा मावशींच्या आग्रहाखातर मीही गेलो. त्यानं स्लॅबच्या घराचे चारही बाजूंनी फोटो काढले, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "घर एकदम मजबूत आहे, मावशी. काहीच झालं नाही."

"घराले काई झालं नाई, हे मलेबी दिसते. शेड पाहा ना."

शेड नंतर बांधलेलं होतं, पॉलिसीत त्याचा उल्लेख नव्हता. ते आता तरी घालता येईल का, असं त्यांनी विचारलं. अशा कच्च्या बांधकामाला आमची कंपनी विमा देत नाही, असं तो म्हणाला. आणि गाडी ही घरातली वस्तू धरत नाहीत.

मावशी माझ्याकडे वळल्या. "जे उडते त्याले घेत नाई आन जे उडत नाई त्याले घेते. बराबर समजली का मी?"

बरोबरच समजल्या होत्या. तो माणूस चहा न घेता गेला. त्याची चूक नव्हती. बँकेची नव्हती, व्हॅनवाल्याचीही म्हणता येत नव्हती. पुढचे कितीतरी दिवस मावशी ऑफिसात येत राहिल्या, आणि दर वेळी कोणाची चूक नाही हेच मी त्यांना सांगत राहिलो. त्यामुळे त्या जास्तच चिडायच्या. एखादा चोर सापडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. गुरुजींच्या कारचं काम कंपनीच्या खर्चानं झालं, तेव्हा तर त्या दारातूनच बोलल्या, "माह्याच टिनानं फुटली त्याची. त्याले भेटले. मले नाई."

मधल्या काळात फुलं थांबत नव्हती. लग्नसराई होती. काचेची सोय होईपर्यंत मावशींनी गाडी तशीच चालवली. तोंडाला दुपट्टा बांधून, डोळ्यांवर नवऱ्याचा काळा गॉगल लावून, समोरून येणारी धूळ अंगावर घेत त्या बाजारात पोहोचायच्या. एकदा नाक्यावर पोलिसानं अडवलं. त्यांनी विम्याचा कागद पुढे केला. तो म्हणाला, कागद ठीक आहे, काच कुठे आहे? मावशी म्हणाल्या, "कागदाले विचारा." त्यानं हसून सोडून दिलं. तेवढाच त्या कागदाचा उपयोग झाला, असं त्या नंतर मला म्हणाल्या.

विम्याची मुदत संपल्यावर त्यांनी माझ्याकडून पूर्ण विमा घेतला. ती एक सही व्हायला अख्खी दुपार गेली. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारायच्या. गाडीची किंमत दरवर्षी कमी का धरता? किंमत कमी होते तर हप्ता तेवढाच कमी कावून होत नाही? मी मध्येच घड्याळ पाहिलं की म्हणायच्या, "घाई असंन त मी उद्या येतो." दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून सांगावं लागेल, या भीतीनं मी बसून राहायचो.

त्यानंतर फुलबाजाराजवळ एका जीपवाल्यानं जीप मागे घेताना मावशींच्या गाडीला धडक दिली. पुढचा बंपर फुटला. या वेळी मावशी जवळजवळ खुशीतच आल्या.

"भाऊ, आता तिसरी मीच ना?"

"हो."

"मंग त्याच्या कंपनीकून घेऊन द्या."

मग मला सांगावं लागलं, की त्यासाठी पोलीस, वकील, कोर्ट असं सगळं आहे आणि त्यात वर्षं जातात. त्यापेक्षा तुमच्याच विम्यातून घ्या. त्यांनी घेतलं. पण बंपर प्लास्टिकचा, म्हणून कंपनीनं निम्मंच धरलं.

"ठोकर त पुरी बसली. बंपर अर्धं कावून?"

"प्लास्टिक वापरून जुनं झालं, म्हणून तेवढं कापतात."

"जुनी त मीबी झाली." त्या उठल्या. चहा तसाच राहिला. "तुमी दरसाली नवीन काईतरी सांगता, भाऊ. मागच्या वर्षी तिसरा नव्हता. औंदा तिसरी मी हाये, तरी घरचंच घ्या म्हनता."

मलाही राग आला होता. नेमका कोणावर, ते कळत नव्हतं. पॉलिसीतली ही वाक्यं मी तयार केलेली नाहीत, मी फक्त विकतो, असं म्हणणार होतो. पण त्या निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं तर दाराच्या कडीला शेवंतीचा हार अडकवलेला होता. दुपारी त्यांचा फोन आला. "राग कंपनीवर हाये. तुमच्यावर नाई."

यंदाच्या थंडीत मावशींना न्यूमोनिया झाला. मुलगी त्यांना अकोल्याला घेऊन गेली. तिथेच त्या गेल्या.

महिन्याभरानं मुलीनं मला भातकुलीला बोलावलं. गाडी विकायची होती, परतवाड्याचा एक फळवाला घ्यायला आला होता. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मुलगी, जावई, फळवाला, त्याचा भाऊ, सगळे बसले. गाडी नवीन मालकाच्या नावावर झाली तरी विमा लगेच स्वतःच्या नावावर करून घ्यावा लागतो, नाही तर उद्या गाडीचं नुकसान झालं तर कंपनी हात वर करते, हे मी त्यांना सावकाश सांगितलं. प्लास्टिकचं सांगितलं. काचेचं सांगितलं. कोर्टाचंही सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

सगळे मान हलवत होते.

"समजलं ना?" मी विचारलं.

"हो हो," फळवाला म्हणाला. "सही कुठं करू तेवढं दाखवा."

मी बोट ठेवलं. त्यानं न वाचता सही केली, गाडीत बसला आणि परतवाड्याच्या रस्त्याला लागला.