हरणी आणि नवा सायलेन्सर

आमच्या मुलीचा छंद म्हैस आहे.

राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीतली बाकीची मुलं बुद्धिबळ खेळतात, कीबोर्ड वाजवतात, स्केटिंगला जातात. अकरा वर्षांची सई हरणी नावाची म्हैस स्कूटरमागे पळवते. हरणी आमची नाही, गजामामा गवळ्यांची आहे. त्यांच्या कट्ट्यावर, म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर काढलेलं दूध प्यायला मी सईला एका संध्याकाळी नेलं, एवढाच या प्रकरणातला माझा सहभाग. (पुढे तो वाढला.)

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजून रस्त्यावर येतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसं. मालक मोटरसायकलवर पुढे सुटतो, नावाने हाक मारतो आणि म्हैस एवढ्या गर्दीतून त्याच्या मागे धावते. जी इकडेतिकडे न बघता निशाणापर्यंत जाते, ती जिंकते. यंदा हरणीला आपण पळवायचं, असं सईनं ठरवलं होतं. गजामामांना तिनं कसं पटवलं ते अजून कळलेलं नाही. बहुधा ते कंटाळले असावेत.

उन्हाळ्यापासून दर रविवारी सकाळी गोठ्यामागच्या मैदानात सराव चाले. स्कूटर मी चालवायचो. सई मागच्या सीटवर उलटी बसून, मुठीत सरकी पेंड धरून "हरणे, ये" अशी हाक मारायची आणि हरणी यायची. वळणावर वळायची, थांबलो की थांबायची. मुलीच्या आवाजात काहीतरी जादू आहे, असं मी ऑफिसात दोघातिघांना सांगितलंही.

घरात मात्र विरोधी पक्ष सक्रिय होता. माझी पत्नी सुनीता एका रविवारी गोठ्यावर आली आणि तिनं गजामामांच्या देखत अट घातली.

"पाडव्याला म्हैस मागे आली नाही, तर दुसऱ्या दिवसापासून अबॅकस."

"आणि आली तर?" सईनं विचारलं.

"आली तर बघू."

"बघू नाही. आली तर गोठा. रोज."

"बरं बाई, गोठा."

"मी साक्षीदार हाय," गजामामा म्हणाले. "पर पोरी, गर्दीत म्हैस बिथरली तर माझी इज्जत जाईल. मग अबॅकसला मलाबी यावं लागंल."

आता स्कूटरविषयी. तिचा सायलेन्सर दोन वर्षांपासून फुटलेला होता. चालताना ती दोनदा 'फट' आणि तिसऱ्यांदा 'फटाक' असा आवाज करायची. मी वार्ताहर आहे आणि पाडव्याच्याच महिन्यात आमच्या वर्तमानपत्रात कर्णकर्कश सायलेन्सरवरची माझी मालिका सुरू होती. चौथा भाग छापून आला त्या दिवशी तळमजल्यावरचे काका फाटकात भेटले.

"लेख छान होता," ते म्हणाले. "तुमची स्कूटर सुरू होत होती, तेवढ्या वेळात वाचून झाला."

त्यात पाडव्याला आमच्याच ऑफिसचा छायाचित्रकार येणार होता. म्हणून आदल्या दिवशी मी गाडीला नवा सायलेन्सर बसवून घेतला. जुना मेकॅनिकनं भंगारात टाकला. "सायेब, आता तुम्ही आलाय हे घरातल्यांनाबी कळायचं न्हाय," तो अभिमानानं म्हणाला. सईला मी मुद्दामच सांगितलं नाही. तिला सुखद धक्का द्यायचा होता.

पाडव्याला ती पहाटेच गोठ्यावर गेली होती. मी थेट स्पर्धेच्या रस्त्यावर पोचलो. दोन्ही बाजूंना माणसं, गच्च्यांवर माणसं, लाउडस्पीकरवर निवेदक. हरणीची शिंगं लालभडक रंगवली होती. आमचा नंबर पुकारला, सई मागे उलटी बसली.

"बाबा, गाडी सुरू कर."

"सुरू आहे."

ती खाली वाकली. "आवाज?"

"नवा सायलेन्सर टाकला. काल."

"का?"

मी मालिकेविषयी सांगायला सुरुवात केली.

"बाबा, नको," ती म्हणाली.

शिट्टी झाली. मी पुढे गेलो. हरणी जागची हलली नाही. सईनं हाक मारली, पेंड दाखवली, परत हाक मारली. हरणी आमच्याकडे, लग्नात अनोळखी माणसानं हसून दाखवल्यावर आपण जसं बघतो, तसं बघत होती.

"पावणं," गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "म्हशीची आणि तुमची वळख तरी हाय का?"

गजामामांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि आमच्यात नसल्यासारखे दुसरीकडे बघू लागले.

एवढ्यात बाजूच्या गल्लीतून एक जावई आला. (पाडव्याला सासरी निघालेला माणूस लांबून ओळखू येतो.) हातकणंगल्याकडून आला होता म्हणे. नवा कडक शर्ट, मागे बायको, बायकोच्या मांडीवर मिठाईचा बॉक्स आणि खाली जुनी स्कूटर. तिचा सायलेन्सर फुटलेला होता.

फट, फट, फटाक.

हरणीचे कान उभे राहिले आणि ती सुटली. जावयाला आरशात लाल शिंगं आणि मोरपिसं दिसली. त्यानं वेग वाढवला. त्यामुळे आवाज वाढला. त्यामुळे हरणीनंही वेग वाढवला.

"अवो, ही आपल्याच मागं लागलीया," बायको म्हणाली.

"मी काय केलंय तिचं?"

"मग थांबा की."

"थांबून काय बोलू तिच्याशी?"

मग सई हळूच म्हणाली, "बाबा, ती माझ्या हाकेला येतच नव्हती. गाडीच्या आवाजाला येत होती." तिची मूठ उघडली आणि पेंड रस्त्यावर सांडली.

ते बघितल्यावर मी स्कूटर स्टँडला लावली, रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि दोन्ही हात तोंडाशी धरून 'फट, फट, फटाक' असा आवाज काढला. पहिला प्रयत्न पडेल होता. पोरं हसली. दुसरा बेंबीच्या देठापासून काढला. हरणी थांबली. वळली. (तेवढ्यात जावई एका बोळात शिरला आणि सुखरूप सासरी पोचला, असं नंतर समजलं.) मग ती माझ्या दिशेनं निघाली. म्हैस अंगावर येताना किती मोठी होत जाते हे मला माहीत नव्हतं. मी निशाणाकडे पळत सुटलो. पळताना आवाज चालू ठेवणं भाग होतं. सई शेजारून पळत सूचना देत होती.

"बाबा, तिसरा मोठा काढ. तिसरा!"

"मंडळी," लाउडस्पीकर म्हणाला, "नवीन गाडी आलेली हाय. मॉडेल जुनं हाय, धूर बी लई हाय, पर पळतीया."

मी निशाण ओलांडून फूटपाथवर बसलो. हरणी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माझा सिल्कचा कुर्ता हुंगू लागली.

"गाडी कुठाय?" परीक्षकांनी विचारलं.

सईनं माझ्याकडे बोट दाखवलं. परीक्षकांनी थोडा वेळ चर्चा केली आणि आम्हाला एक नारळ दिला.

गजामामा मात्र आता पुन्हा आमच्यात आले होते. गर्दीतून बघत असलेल्या सुनीतासमोर ते जाऊन उभे राहिले. "वैनी, म्हैस मागनं आली. एवढंच ठरलंतं."

सुनीतानं सईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी धापा टाकत होतो आणि प्रत्येक तिसरी धाप मोठी निघत होती.

"गोठा," ती म्हणाली. "अबॅकसला यांना घालते."

सई आता रोज गोठ्यावर जाते. पण हरणीला माझ्या आवाजाची सवय लागली आहे, आणि तो तिसरा 'फटाक' सईला अजून जमत नाही. गेल्या आठवड्यात ऑफिसात ध्वनिप्रदूषणाच्या मालिकेवर बैठक चालू असताना गजामामांचा फोन आला.

"पावणं, हरणी तळ्यात बसलीया, भाईर येईना. पोरगी शाळंत हाय. मी फोन म्हशीच्या कानाला धरतो, तेवढा आवाज काढा की."

मी काचेच्या दाराबाहेर गेलो आणि काढला. परत आलो तेव्हा कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. "पाचवा भाग दुसरं कुणीतरी लिहील," संपादक म्हणाले.

हरणी पहिल्याच 'फटाक'ला पाण्याबाहेर आली, असं गजामामांनी लगेच कळवलं. समाधान वाटलं. ऑफिसात मी हाक मारली तर चहासुद्धा येत नाही.